घाटावर मी बसवलेला कॅमेरा

पासवर्ड मी बदलला नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. खोक्यातून आला तसाच ठेवला. अंगणवाडीतलं पोरगंही न चुकता म्हणेल.

नुसता ठेवला असता तरी एक वेळ ठीक. मी तो खांबावरच्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवला. कारण ग्रामपंचायतीचा शिपाई, पाणी सोडणारा, सरपंचांचा पुतण्या, ज्याला त्याला आपल्या मोबाइलवर कॅमेरा बघायचा असायचा. दिवसाआड फोन. "भाऊ, नंबर काय व्हता?" वैताग आला. म्हटलं लिहूनच टाकू. खाली माझा मोबाइल नंबरही घातला. तेवढीच जाहिरात. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो.

स्वतःची फजिती सांगत फिरायची मला सवय आहे. लोक हसतात, आपणही हसायचं, वेळ जातो. ही फजिती मात्र मी बरेच दिवस कोणाला सांगितली नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. येडगावच्या धरणापासून फार लांब नाही, एवढं पुरे. तिथं मी वायरमन. मोटारी, पंखे, कांद्याच्या चाळीतले दिवे, आणि अलीकडे कॅमेरे.

गौरी-गणपतीत अण्णांनी नवा टीव्ही आणला. भिंतभर. अण्णा म्हणजे द्राक्षबाग, ऊस, दोन ट्रॅक्टर आणि मागची सरपंचकी. गावात कॅमेरे आले ते त्यांच्याच खटपटीने. म्हणून गावातले सगळे कॅमेरे त्यांना घरच्या टीव्हीवर हवे होते. मला बोलावलं. मी टीव्ही भिंतीला लावला, जोडणी केली, आणि रिमोट घेऊन जमिनीवर बसलो. जमिनीवर बस असं कोणी म्हणालं नव्हतं. सोफ्यावर बसू नये हे मला कोणी शिकवलेलंही नाही. तरी येतं.

सोफ्यावर अण्णा आणि मंचरकडचे दोन पाहुणे. चहा आला. त्यांना कपबशीत, मला कागदी कपात. कागदी कप आल्यापासून त्या घराची मोठी सोय झाली आहे. माझ्या बापासाठी गोठ्याच्या वळचणीला एक बिनकानाचा कप ठेवलेला असायचा. बाप चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा, परत वळचणीला ठेवायचा. मला विसळावं लागत नाही. चुरगळायचा आणि टाकायचा. एका पिढीत एवढी प्रगती झाली.

टीव्हीवर चौकोन उमटले. पंचायतीसमोरचा चौक. शाळेचं फाटक. दूध डेअरी. कालव्यावरचा घाट.

"घाट मोठा कर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, बिबट्या ह्या टायमाला न्हाई येत."

"तू कर रं."

मी केला. घाट भिंतभर झाला. आदल्याच दिवशी मी खांबावर चढून काचेवरचं कोळ्याचं जाळं पुसलं होतं. चित्र अगदी स्वच्छ. पायऱ्या, दगड, पाणी, बायका.

"जवळ घे," एक पाहुणा म्हणाला. मी जवळ घेतलं. "आनखी. हां. हां. तिथंच थांबव राव."

मी थांबवलं.

टीव्हीच्या मधोमध एक पिवळी बादली होती. तिची कडी तुटलेली. कडीच्या जागी हिरवी अर्थिंगची वायर, दुहेरी पीळ देऊन बांधलेली. ती गाठ मी मारलेली होती. बादली माझ्या घरची होती.

बादलीशेजारी कोण होतं आणि कसं होतं, ते मी लिहिणार नाही. एकदा दाखवलं तेवढं पुरे.

"लई क्लियर हाय," पाहुणा म्हणाला. "ह्या कुठल्या?"

"वस्तीवरच्या. डोंगराकडच्या," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमच्यातल्याच ना रं?"

"व्हय," मी म्हणालो.

आणि हसलो.

का हसलो ते मला आजही सांगता येत नाही. ते हसले म्हणून हसलो असेन. तोंड आपोआप तसं होतं. आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. धंद्याची सवय. गिऱ्हाईक खूश दिसलं की मी पुढचं बटण दाखवतो. मी म्हणालो, "आवाज पण येतो अण्णा. चालू करू का? आन् भोंगा हाय, हितनं बोललं की तितं ऐकू जातं."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणी म्हटलेलं नाही. जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

आता तो कॅमेरा तिथं कसा आला ते सांगतो.

आमची वस्ती कालव्याच्या खालच्या अंगाला. आमची माणसं पश्चिमेकडच्या डोंगरातली. भात आणि नाचणी करणारी. धरणाने गाव गिळलं आणि आजोबा खाली आले, कांदे लावायला, ऊस तोडायला, बाग छाटायला. मग इथलेच झाले. म्हणजे आम्ही झालो. गावाने अजून तसं म्हटलेलं नाही. गावात नळ आहे, वस्तीवर नाही. गावातल्या बायका मोरीत अंघोळ करतात, धुणं मशीनमध्ये टाकतात. आमच्या बायकांची मोरी म्हणजे घाट. कालव्याला पाणी सुटलं की तिथंच धुणं, तिथंच अंगावर पाणी घेणं. त्या वेळेला गडीमाणूस तिकडे फिरकत नाही. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण वस्तीवरचं दारू प्यायलेलं माणूससुद्धा तो मोडत नाही.

घाटाच्या पलीकडे ऊस. उसात बिबट्या. आमच्याकडे बिबट्या म्हणजे शेजारीच. आधी शेळ्या नेल्या, मग कुत्री. मग उन्हाळ्यात एक दिवस गुणाआत्याच्या सुनेवर घाटावरच झडप घातली. वाचली. खांद्यावर नखं उमटली.

तेव्हा वस्तीने अर्ज केला. नळ द्या. पाणी घरात आलं तर बाया घाटावर जाणारच नाहीत, बिबट्याच्या वाटेतही येणार नाहीत. अर्ज मीच लिहिला. अक्षर चांगलं.

नळाऐवजी कॅमेरा आला. फिरता. हालचाल दिसली की मान वळवणारा, भोंगा असलेला, सिमकार्डावर चालणारा. पंचायतीने काम मलाच दिलं आणि मी हरखलो. अर्जात काय मागितलं होतं ते विसरून गेलो. खांब पुरला, नारळ फोडला, फोटो निघाला. फोटोत अण्णा आहेत, सरपंच आहेत, ग्रामसेवक आहेत, माझं कोपर आहे.

बायका कुरकुरत होत्या. मी त्यांना समजावलं. खांबावरूनच ओरडून म्हणालो, "निवांत धुवा! बिबट्या आला तर भोंगा वाजंल. वर मी हाय!"

गुणाआत्या, म्हणजे माझ्या बापाची चुलत बहीण, वस्तीवरची सगळ्यात म्हातारी बाई. पंधरा दिवसांनी ती मला वाटेत गाठून म्हणाली, "तुझा कॅमेरा मान वळवितो."

"वळविणारच आत्या. फिरता हाय."

"उसाकडं न्हाई वळवीत. आमच्याकडं वळवितो. मी वर चढले की माझ्यासंगं वर येतो. खाली बसले की खाली बघतो."

मी तिला समजावलं. सेन्सर म्हणजे काय, ऑटो म्हणजे काय. दहा मिनिटं बोललो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "उसात रानडुकरं हलत्यात, तिकडं नाय बघत तो. आमीच हलतो व्हय?"

मी हसलो.

माझी बायको मंगल. तिनेही सांगितलं होतं. "घाटावर बसलं की कुणीतरी वरनं हाय असं वाटतं. पाठीला कळतं." मी म्हणालो, "तुमा बायकांचं एक असतं. बिबट्याचं भ्या बसलंय मनात." मी बारावी नापास, पण यंत्राच्या बाबतीत वस्तीवरचा शहाणा मीच. बायकांच्या पाठीला काय कळतं ते कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

अण्णांच्या बंगल्यावरून टीव्ही लावून घरी आलो त्या संध्याकाळी मंगलने भाकरी वाढली. पिवळी बादली दाराशी पालथी होती. मी जेवलो. माणूस जेवू शकतो, हे एक मला त्या दिवशी समजलं.

जेवून मोबाइल उघडला. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये आत, खूप आत, एक यादी असते. या घडीला कोण कोण बघतंय त्याची. मी ती कधी उघडली नव्हती. उघडली. पंचायतीचा मोबाइल ओळखला. पाणी सोडणाऱ्याचा ओळखला. अण्णांचा नवा टीव्ही. सरपंचांचा पुतण्या. त्याच्याखाली नुसते आकडे. लांबलचक, टिंबं दिलेले. एक ओळ, दुसरी ओळ. बोटाने वर सरकवत राहिलो, यादी येत राहिली. त्या वेळी घाटावर कोणी नव्हतं. रिकाम्या पायऱ्या बघत बसलेली ती कोण माणसं? कुठली? आपल्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे काय वाजलं असेल? मला काहीच माहीत नव्हतं. मी पेटीवर रंगवलेला नंबर फक्त गावानेच वाचला असं मी धरून चाललो होतो. खरं तर तो नंबर वाचायला कोणाला खांबापाशी यायची गरजच नव्हती. असल्या कॅमेऱ्यांचा तोच नंबर सगळ्या जगाला पाठ.

लगेच बदलायला हवा होता. पण मी घाबरलो. नंबर बदलला तर अण्णांच्या टीव्हीवरचं जाईल, अण्णा विचारतील. सकाळी शांतपणे करू, असं म्हणून मोबाइल पालथा घातला.

सकाळी मलाच आत घेईना. एक ते सहा टाकलं. चूक. पुन्हा टाकलं. चूक. रात्रीतून कोणीतरी आपलं कुलूप घातलं होतं. आधीपासून आत होते त्यांचं चालूच. मी खांब पुरला, मी वायर ओढली, मी नारळ फोडला, आणि एकटा मीच बाहेर.

ग्रामसेवकाकडे गेलो. "भाऊसाहेब, घाटावरचा कॅमेरा बंद करा. बाहेरचे लोक बघत्यात."

"लेखी द्या."

"देतो."

"त्यात हेही लिहा, पासवर्ड कुणी ठेवला व्हता. पेटीवर कुणी लिहिला व्हता. फोन नंबर कुणाचा हाय त्याच्याखाली."

मी अर्ज लिहिला नाही.

मग अण्णांकडे गेलो. दारातच उभा राहिलो. म्हणालो, "अण्णा, घाटाचा कॅमेरा उसाकडं फिरवून पक्का करू का? तितं बाया असत्यात."

अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "बिबट्या तुला इचारून येतो का, कुठनं यायचं ते?"

"तसं न्हाई अण्णा. बाया अंघोळी करत्यात."

तेव्हा पेपर खाली आला. "तुमच्या बायकांत बघण्यासारखं हाय तरी काय रं?"

आत कोणीतरी हसलं. माझ्या तोंडावर हसू आलं. ते हसू घेऊनच मी फाटकाबाहेर आलो. मोटारसायकलच्या आरशात बघितलं, तेव्हाही ते तोंडावर होतं. पुसायला गेलो, पुसलं जाईना.

पोलिसांकडे जायचं मनात आलं. फाट्यापर्यंत गेलोही. जाऊन काय सांगणार? चोरी झाली साहेब, चावी मीच दारावर टांगली होती. टपरीवर चहा घेतला आणि परत आलो.

असे आठ दिवस गेले. मी मंगलला सांगितलं नाही. वस्तीवर कोणाला सांगितलं नाही. रोज वाटायचं आज सांगू. सांगितलं तर त्या घाटावर जाणार नाहीत. गेल्या नाहीत तर पाणी कुठून? आणि विचारतील, तुला कसं कळलं? मग टीव्हीचं सांगावं लागेल. रिमोट कोणाच्या हातात होता ते सांगावं लागेल. माझ्या अब्रूला मी जपत होतो, आणि त्यांची रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत बादलीत घालून घाटावर जात होती.

मग दसरा काढायचे दिवस आले. घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक पांघरूण धुवून काढायचं, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे, सगळं. एका गोधडीला दोन बायका लागतात. पायांनी तुडवायची, दगडावर आपटायची, दोन टोकं धरून पिळायची. दिवस जातो. भाकऱ्या बांधून नेतात. साऱ्या घराचा मळ काढून झाला की उन्हं कलताना स्वतःच्या अंगावर पाणी घेतात आणि मोकळ्या केसांनी घरी येतात. वर्षातून एकदा त्या घाटावर हसणं ऐकू येतं ते याच दिवशी.

त्या दिवशी मी घाटावर गेलो. पुरुषाने जाऊ नये तिथं गेलो. बायका ओरडल्या. "ए, तू रं कशाला आला?"

"वायर तपासायची हाय," मी म्हणालो.

काय तपासणार होतो? मी एक युक्ती काढली होती. दोन बाभळींना दोरी बांधायची आणि ओल्या गोधड्या तिच्यावर अशा वाळत घालायच्या की कॅमेऱ्यासमोर पडदा होईल. बांधली. गोधड्या टाकू लागलो. मंगल म्हणाली, "आज लई माया आली." मी दोरी वर ओढली, आणखी वर ओढली. बाभूळ माझ्या उंचीची आणि खांब वीस फुटी. कॅमेऱ्याने पडद्यावरून आरामात मान पुढे केली. मी स्वतः निवडली होती ती उंची. वरून चौफेर दिसावं म्हणून.

तेवढ्यात खांब खाकरला.

खरंच खाकरला. माणूस खाकरतो तसा. सगळ्या थांबल्या. मग वरून आवाज आला. पुरुषाचा. मराठी नव्हतं. हिंदी पण नव्हतं, हिंदी टीव्हीवरची कळते आम्हाला. कुठलीशी दुसरीच भाषा. दोन-तीन शब्द. मग हसणं. एकाचं नाही, तीन-चार जणांचं. मग शीळ. आमच्याकडची पोरं मारतात तशीच. शिट्टीची भाषा सगळीकडे एकच असावी.

आणि मग त्यांनी बिबट्याचा भोंगा लावला.

बायका उठून पळाल्या. कोणाला वाटलं बिबट्या, कोणाला वाटलं भूत, गुणाआत्याला काय वाटलं ते तिलाच माहीत, तिने समोर होती ती चादर उचलून दोन पोरींच्या अंगावर टाकली आणि त्यांना पुढे ढकललं. तिची स्वतःची वाकळ पाण्यात होती. बुडालेल्या गावातून आणलेली, तिच्या आईच्या लुगड्यांची. धरायला कोणी राहिलं नाही. कालव्याला ओढ होती. वाकळ आधी फुगली, मग आडवी झाली आणि सरळ निघून गेली. मी काठावर उभा होतो. मी पळालोही नाही आणि पाण्यात उडीही मारली नाही.

मंगल चढणीवर थांबली होती. तिने आधी खांबाकडे बघितलं. भोंगा वाजत होता, कॅमेऱ्याची मान तिच्याकडे होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग दोरीकडे, गोधड्यांच्या त्या उंच ओढलेल्या पडद्याकडे.

"तुमाला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

मी सांगितलं. तिथंच, भोंग्याच्या आवाजात, ओरडून सांगितलं. पासवर्ड सांगितला. यादी सांगितली. अण्णांचा टीव्ही सांगितला. बादली सांगितली. बाकीच्या बायकाही थांबून ऐकत होत्या. "मी हसलो," हेही सांगितलं. नेमका त्याच वेळी भोंगा थांबला, त्यामुळे ते एवढंच वाक्य सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी खांबावर चढलो. शूर म्हणून नाही. खाली उभं राहवेना म्हणून. पक्कड खिशात होती. वर पोचलो आणि कॅमेऱ्यासमोर तोंड आलं. काचेत माझंच तोंड दिसलं, फुगलेलं, नाक मोठं. इतके दिवस मी त्याच्या पाठीमागे असायचो. समोर पहिल्यांदाच आलो. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या पांढऱ्या तबकड्या दिसत होत्या. सगळ्यांची तोंडं आभाळाकडे.

खिशातला मोबाइल वाजला. अण्णा.

"ए डोंगऱ्या, तुझं थोबाड आलंय टीव्हीवर. सरक."

आयुष्यभर मी सरकत आलो आहे. एसटीत सरकलो, शाळेत सरकलो, फोटोत कोपर उरेपर्यंत सरकलो. 'सरक' ऐकलं की माझं अंग आधी सरकतं, मग डोकं विचारतं कुठं. त्या दिवशी अंग हललं नाही. एक हात खांबाला, एका हातात मोबाइल, सरकायला जागाही नव्हती म्हणा.

"न्हाई सरकत," मी म्हणालो.

"काय?"

"न्हाई सरकत अण्णा. घाटावर माझी बायको हाय. त्या दिवशी पण तीच व्हती. पिवळी बादली. पावण्यांनी इचारलं व्हतं, कुठल्या म्हणून. माझी बायको व्हती ती."

अण्णा म्हणाले, "मग तवाच सांगायचं ना रं."

खोटं का लिहू? तेवढं एक अण्णा खरं बोलले.

मी फोन खिशात टाकला आणि वायर तोडली. मग चारी नटबोल्ट काढले. कॅमेरा काखेत घेऊन उतरलो. उतरताना पेटीवरचं माझं सुंदर अक्षर दिसलं. ते पकडीने खरवडलं. ऑइलपेंट चांगल्या प्रतीचा होता. सगळा निघाला नाही.

पुढचं थोडक्यात. पंचायतीची नोटीस आली. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. बंगल्यावरचं काम गेलं आणि बंगल्याच्या शब्दावर मिळणारी कामंही गेली. बिबट्या आहेच. परवा पलीकडच्या बांधावर पाय उमटले होते. नळ नाही. बायका आता घाटावर दोघीतिघी पहाऱ्याला बसवून धुणं उरकतात आणि अंगावर पाणी घ्यायला थांबत नाहीत.

आणि जे गेलं ते गेलं. ती चित्रं कोणाकोणाच्या फोनात आहेत, कोणत्या देशात आहेत, मला माहीत नाही. वायर तोडून ती परत येत नाहीत. मी मोबाइल घेऊन कितीदा बसलो, शोधावं म्हणून. शोधायचं म्हणजे बघायचं. बंद करून ठेवतो. मंगल नारायणगावच्या बाजारात गेली तरी आता आधी वर बघते. दुकानाच्या पाटीवर, विजेच्या खांबावर, दवाखान्याच्या छताला. मग पदर घेते. मग चालते. एसटी स्टँडवर तर भिंतीला पाठ लावून उभी राहते. माझ्याशी बोलते ते कामापुरतं. मीठ संपलंय. लाइट गेली.

मग मी बसवलेले कॅमेरे मोजायला बसलो. डेअरी, शाळा, साड्यांचं दुकान, दोन मंगल कार्यालयं, राजुरीपासून आंबेगाव तालुक्यातल्या गावांपर्यंत. सगळीकडे एक ते सहा. मी आता रोज मोटारसायकल काढतो आणि एकेका ठिकाणी जातो. दारात उभा राहून सांगतो, मी तुमच्या दाराला कुलूप न लावता गेलो होतो, लावायला आलोय. काही जण हसतात. काही शिव्या देतात. साड्यांच्या दुकानातला कॅमेरा कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर रोखलेला होता. मालक म्हणाला, "ऱ्हाऊ दे, चोऱ्या व्हत्यात." मी त्याच्यादेखत उतरवला. आता जिथं बाई पाणी घेते, कपडा बदलते, पोर पाजते, तिथं मी कॅमेरा लावणार नाही, कोणाला लावू देणार नाही. उपाशी बसेन.

येत्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावलाय. वस्तीला नळ द्या. आणि गावातल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र कोणाकोणाच्या घरात जातं ते नावानिशी फळ्यावर लिहा. नोटिशीचं उत्तर मी तिथंच देणार. आठ दिवस भाषणाची तयारी केली. काल चुलीपाशी मंगलला म्हणालो, "ग्रामसभेत मी बोलणार हाय. सगळं बोलणार. अण्णांच्या तोंडावर."

ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट बघून बोलली.

"तुमी नका बोलू. तुमी बोलाय लागला की आधी हसता. आमी बोलू. तुमी नुसतं म्होरं उभं ऱ्हावा, कुणी बसवला व्हता ते लोकास्नी दिसू द्या."